मराठी वाङ्मयातील मासा

मराठी कवितेच्या इतिहासात ज्या ग्रंथाचे नाव अगदी आरंभी घ्यावे लागते, त्याच ग्रंथात मासे कसे गरवावेत याचेही एक सविस्तर प्रकरण आहे, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. ग्रंथाचे नाव 'मानसोल्लास'. कर्ता कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्यास भूलोकमल्ल असे बिरुद होते. रचनाकाल सुमारे इ. स. ११३०. (गंगापूर रस्त्याने धरणाकडे जाताना जे सोमेश्वराचे देऊळ लागते त्याच्याशी या राजाचा नामसाम्यापलीकडे काही संबंध नाही, पण आम्हां नाशिककरांस नाव लक्षात ठेवावयास तेवढेच सोपे.) वीस-वीस प्रकरणांच्या पाच विंशती मिळून शंभर प्रकरणांचा हा ग्रंथ. त्यातील चौथी विंशती विनोदांची, म्हणजे राजाच्या मनोरंजनाच्या प्रकारांची आहे. मल्लांच्या कुस्त्या आहेत, कोंबड्यांच्या झुंजी आहेत, ससाण्याची शिकार आहे. आणि या मेळ्यातच 'मत्स्यविनोद' आहे. त्याच विंशतीत पुढे 'गीतविनोद' येतो. तेथे देशभाषांतील गीतांचे मासले देताना सोमेश्वराने काही मराठी पदे उतरून घेतली आहेत. दशावतारांच्या त्या गीतात पहिले वर्णन अर्थातच मत्स्यावताराचे, रसातळातून वेद वर काढून आणणाऱ्या नारायणाचे. मराठी पद्याच्या अतिशय जुन्या लेखी नमुन्यांत या पदांची गणना होते. म्हणजे मराठी कविता लेखी रूपाने आपल्या दृष्टीस पडते न पडते तोच तिच्यात एक मासा पोहताना दिसतो, आणि तोही अशा ग्रंथात, की ज्यात काही प्रकरणे अलीकडे गळ, दोरी व काठी यांची चर्चा चाललेली आहे.

यानंतर जवळजवळ नऊशे वर्षे लोटली. एवढ्या अवधीत मासे धरण्याच्या विद्येवर, वाङ्मय म्हणून पुनःपुन्हा वाचावा असा एकही मराठी ग्रंथ आमच्या पाहण्यात आलेला नाही. असे का व्हावे, आणि त्यात आपले काय गेले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

तुलनेसाठी इंग्रजी वाङ्मयाकडे जाणे अपरिहार्य आहे, कारण या विषयाचे पांग त्या भाषेने जितके फेडले तितके दुसऱ्या भाषेने क्वचितच फेडले असतील. १४९६ साली लंडनजवळ छापला गेलेला गळ टाकण्याविषयीचा निबंध, १६५३ सालचा आयझॅक वॉल्टनचा 'कम्प्लीट अँग्लर', त्यास १६७६ साली चार्ल्स कॉटनने जोडलेला उत्तरार्ध, आणि तेथून पुढे अखंड चालत आलेली परंपरा. वॉल्टन हा लंडनात दुकान चालविणारा गृहस्थ. त्याच्या या पुस्तकाच्या शेकड्यांनी आवृत्त्या निघाल्या आहेत, आणि ज्यांनी जन्मात गळ हाती धरला नाही अशा लोकांनीच त्यांतील बहुतेक विकत घेतल्या असाव्यात. आम्हीही त्याच वर्गातले. कॉलेजात असताना हे पुस्तक आमच्या हाती प्रथम आले ते इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून, माशासाठी नव्हे.

वॉल्टनच्या पुस्तकाची जी कीर्ती आहे ती सगळीच रास्त आहे असे आम्हांस वाटत नाही. त्याचे मत्स्यशास्त्र पुष्कळसे ऐकीव आहे. पाइक हा मासा पाणवनस्पतीपासून उत्पन्न होतो यांसारख्या जुन्या समजुती तो गंभीरपणे पुढे मांडतो. शिवाय ज्या कलेचा त्याच्या नावाशी आज नेहमी संबंध जोडला जातो, ती बनावट माशीने मासा धरण्याची कला, तीत तो स्वतः फारसा मुरलेला नव्हता. त्या विषयाचा खरा अधिकारी कॉटन. मग वॉल्टनमध्ये आहे काय? त्याच्यात वाट पाहणे आहे. १६४९ साली राजाचा शिरच्छेद झालेला, वॉल्टन ज्या पक्षाचा तो पक्ष पराभूत झालेला, मित्र विजनवासात गेलेले. अशा काळात हा साठीचा म्हातारा नदीकाठी बसतो, शिकाऱ्याशी गप्पा मारतो, दूधवालीचे गाणे ऐकतो, पाऊस आला की झाडाखाली उभा राहतो. राजकारणाचा शब्द जवळजवळ नाही. पण ज्यास तो काळ ठाऊक आहे त्यास त्या नसलेल्या शब्दाचा आवाज पानोपानी ऐकू येतो. गळाला मासा लागण्यापूर्वीचा जो रिकामा वेळ, त्याला वॉल्टनने गद्यात पहिल्याने जागा दिली. त्याच्यानंतरच्या इंग्रजी निसर्गलेखनाने हे त्याच्याकडून घेतले.

आता या माशीच्या गळाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण मराठी वाचकास त्याची कल्पना सहसा नसते. आपल्याकडे गळाला गांडूळ, कणकेची गोळी किंवा कोळंबी लावतात. माशीच्या गळाला खाण्याजोगे काहीच नसते. लहानशा आकड्यावर लोकर, रेशीम आणि पिसे गुंडाळून पाण्यावरच्या एखाद्या कीटकाचा भास उत्पन्न केलेला असतो. ही वस्तू इतकी हलकी की ती फेकताच येत नाही. म्हणून दोरीच जड ठेवतात, आणि लांब लवचिक काठीने त्या दोरीला हवेत मागेपुढे झोके देऊन तिच्या वजनाने माशी दूर पाण्यावर अलगद उतरवितात. मासेडोनियातील लोक तांबड्या लोकरीवर कोंबड्याची दोन पिसे बांधून अशा रीतीने मासे धरीत, असे ईलियन या ग्रंथकाराने इ. स. २०० च्या सुमारास नमूद करून ठेवले आहे. (मक्षिका आणि मत्स्य हे दोन परके शब्द मराठीत येऊन माशी आणि मासा असे बहीणभाऊ होऊन बसले, ही आमच्या भाषेची गंमत या कलेच्या उपयोगी पडावयास हरकत नव्हती. उपयोग मात्र कोणी करून घेतला नाही.)

अलंकारशास्त्र शिकविणाऱ्यास या कलेत एक वेगळाच रस वाटतो. श्रीशंकुकाने नाट्यरसाची उपपत्ती लावताना चित्रतुरगाचा न्याय सांगितला. चित्रातला घोडा पाहून 'हा घोडा' अशी जी प्रतीती होते ती सत्यही नव्हे, मिथ्याही नव्हे, संशयाचीही नव्हे आणि सादृश्याचीही नव्हे, ती निराळीच. माशीचा गळ बांधणाऱ्या कारागिरांचा अनुभव याच्याशी विलक्षण जुळतो. माणसाच्या डोळ्यास जी हुबेहूब दिसते ती माशी पुष्कळदा माशाला पटत नाही. उलट पिसांचा एखादा ओबडधोबड झुबका नेमका पटतो. पाण्याखालून, उजेडाविरुद्ध, वाहत्या पृष्ठावर तो कसा दिसतो व कसा हलतो यावर सारे अवलंबून. अनुकरण कोणासाठी करावयाचे आहे हे ज्यास कळले त्यासच कला साधते, ही गोष्ट येथे सहृदयाच्या जागी प्रत्यक्ष मासा बसवून सिद्ध होते. भट्टतौताने शंकुकाच्या मताचे जे खंडन केले ते माशाला कोणी वाचून दाखविलेले नाही, हे कारागिरांचे भाग्य.

या दृष्टीने सोमेश्वराकडे परत आले म्हणजे त्याचे गुण आणि उणीव ही दोन्ही स्पष्ट दिसतात. त्याची पद्धत शास्त्रकाराची आहे. मासे समुद्रातले व गोड्या पाण्यातले. खवल्यांचे व केवळ कातड्याचे. मोठे, मध्यम व लहान. अशा रीतीने तो पस्तीसएक जाती वेगळ्या करतो. कोणती जात कोठे राहते, तिला कोणते खाद्य घालून एका ठिकाणी येण्याची सवय लावावी, काठी कशी असावी, दोरी कशाची वळावी, आकडा कसा असावा, मासा लागल्याची खूण कशी ओळखावी, आणि लागलेला मासा दोरी सैल-तंग करून कसा दमवावा, हे सारे तो क्रमाने सांगतो. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणाचा परिचय करून दिला, तेव्हा कोठे विद्वानांचे तिकडे लक्ष गेले. वास्तविक बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेला 'मानसोल्लास' १९२५ पासून निघू लागला होता, आणि त्याचा दुसरा खंड १९३९ साली बाहेर पडला होता. संगीतासाठी, पाकशास्त्रासाठी, चित्रकलेसाठी पंडितांनी तो ग्रंथ धुंडाळला. मत्स्यविनोदाची पाने मात्र मत्स्यशास्त्रज्ञाची वाट पाहत राहिली.

पण सोमेश्वरात वाट पाहणे नाही. खाद्य घालून मासे आधीच जमविलेले असतात. राजाने यावे, गळ टाकावा, मासा ओढावा आणि विनोद संपवावा. ज्याने ते खाद्य दिवसानुदिवस घातले, ज्याने दोरी वळली, कोणता मासा कोणत्या वेळी वर येतो हे ज्याने आपल्या बापाकडून ऐकले, तो मनुष्य त्या श्लोकांतून अजिबात नाहीसा झाला आहे. हे ज्ञान राजाने कोळ्या-धीवरांपासूनच मिळविले असणार. दुसरा मार्ग नाही. ग्रंथ झाला तो राजाच्या नावे, आणि संस्कृतात. त्या ज्ञानाचे मूळ बोल कानडीत होते की मराठीत, हे शोधावयास आता साधन उरलेले नाही.

तो धीवर एका संस्कृत नाटकात मात्र आपल्या तोंडाने बोलतो. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकाच्या आरंभी मुद्रिका सापडलेल्या धीवरास राजपुरुष बांधून आणतात. आपण जाळे, गळ इत्यादींनी कुटुंबाचे पोट भरतो असे तो सांगतो, तेव्हा कोतवाल त्याच्या 'पवित्र' धंद्याची कुचेष्टा करतो. त्यावर धीवर जे उत्तर देतो ते कालिदासाच्या धैर्याची साक्ष आहे: जन्माने आलेले कर्म निंद्य म्हणून टाकावयाचे नसते; आणि दयेने मृदू असलेला श्रोत्रियही यज्ञात पशू मारताना कठोर होतोच. प्राकृतात बोलणाऱ्या, हात बांधलेल्या या माणसाने एका वाक्यात सगळ्या प्रेक्षागृहाला निरुत्तर केले आहे. आमच्या वर्गांतून हा प्रवेश 'विनोदी' म्हणून भराभर संपविला जातो.

एरव्ही आपल्या वाङ्मयात मासा येतो तो कोणत्या रूपाने? संस्कृत काव्यात तो अलंकार म्हणून येतो. 'ऋतुसंहारा'तील शरदाच्या सर्गात चपळ शफरी या नद्यांच्या कमरेच्या मेखला आहेत. 'मेघदूता'त गंभीरा नदीच्या पाण्यात उसळणाऱ्या शफरी हे तिचे कटाक्ष आहेत. दोन्ही कल्पना मनोहर. शरदात गढूळ पाणी निवळते, उथळ वाहू लागते आणि मासे दिसू लागतात, हे निरीक्षण त्यांच्या मुळाशी आहेच. पण कवीचे लक्ष मासा दिसताक्षणी स्त्रीकडे जाते. वैराग्यपर काव्यात मासा मूर्ख म्हणून येतो: आमिषाला भुलून आकडा गिळणारा, पतंगाचा जोडीदार. भर्तृहरी शृंगारशतकात तर कामदेवालाच धीवर करतो, स्त्रीला त्याचा गळ करतो, आणि गळास लागलेल्या पुरुषरूपी माशाला अनुरागाच्या विस्तवावर भाजवितो. वामनपंडिताच्या समश्लोकीतून ही दृष्टी मराठी घराघरांत पोचली. 'गळाला लागणे', 'आमिष दाखविणे' हे आपले वाक्प्रचार पाहा. त्यांत गळ टाकणारा नेहमी कपटी असतो.

संतांनी एक मोठी गोष्ट केली. त्यांनी माशाची बाजू घेतली. पाण्यापासून दूर पडून तळमळणारी मासोळी हे भक्ताचे रूपक अभंगांतून इतक्या वेळा आले आहे, की मराठी माणसास मासा म्हटले की प्रथम त्याची तडफड आठवते. इंग्रजी गद्य काठावरून पाण्याकडे पाहते. आमचे अभंग पाण्यातून काठाकडे पाहतात. करुणेच्या दृष्टीने हे पारडे निःसंशय जड आहे. वॉल्टन बेडकाला जिवंत गळाला कसे लावावे हे सांगतो आणि वर त्यास प्रेमाने हाताळण्याची शिफारस करतो. हे वाचून बायरन चिडला आणि त्याने या म्हाताऱ्याच्याच घशात आकडा अडकावा असे लिहिले, तेव्हा तो मनाने वारकऱ्यांच्या जवळ आला होता असे म्हणावयास हरकत नाही. परंतु संतांची मासोळी ही आत्म्याची मासोळी आहे. ती कोणत्या जातीची, कोणत्या नदीची, कोणत्या महिन्यातली, हे विचारणे तेथे अप्रस्तुत होते. आणि आधुनिक काळात आम्ही आत्मा सोडला तो थेट आमटीवर आलो. सारस्वतांच्या व कायस्थांच्या पंक्तीतील मत्स्याहारावर मराठीत जे खुसखुशीत लिहिले गेले आहे त्याची गोडी आम्हांस ठाऊक आहे. बोंबील, पापलेट, बांगडे यांच्या चवीचे आमच्या लेखकांस बारकाईने भान असते; ते पोहतात कसे याची चौकशी मात्र ताटाबाहेरची ठरते.

अहिंसेमुळे आणि शाकाहारी पांढरपेशांच्या हाती लेखणी राहिल्यामुळे असे झाले, हे उत्तर नेहमी ऐकू येते. ते अर्धवट आहे. वाघाच्या शिकारीवर मराठीत चांगले लिहिले गेले, त्या वेळी अहिंसा आड आली नाही. शिवाय मासे खाणाऱ्या पांढरपेशांनीही गळावर लिहिले नाही. आमच्या मते खरे कारण असे आहे की, वाघ मारणे हे पराक्रमाचे काम समजले गेले आणि मासा धरणे हे एका जातीचे काम समजले गेले. जे काम जातीचे त्यात पाहण्यासारखे काही असते, हेच आम्ही मानले नाही. म्हणून पाहिलेही नाही. आता हौसेने मासे धरणारे पुष्कळ लोक मासा धरून, त्यास हात लावून, पुन्हा पाण्यात सोडतात. पोटासाठी मारणारा कोळी बरा की खेळासाठी दुखवून सोडणारा हौशी बरा, या प्रश्नावर आमचा कौल कोळ्याच्या बाजूने आहे. कालिदासाच्या धीवरानेही तोच दिला असता. तथापि लेखनाचा प्रश्न याहून निराळा आहे. कोळ्याने आपल्या कामाविषयी लिहावे अशी परिस्थिती आम्ही येऊ दिली नाही, आणि आम्ही स्वतः त्याच्याजवळ जाऊन बसलो नाही.

परके लोक मात्र येऊन बसले. मुंबई सरकारने १८२४ साली दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करावयास नेमलेला लष्करी अधिकारी विल्यम साइक्स याने दख्खनच्या नद्यांतील मासे गोळा केले आणि १८३९ साली त्यांची वर्णने लंडनात प्रसिद्ध केली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महसीरास त्याने 'खुद्री' हे नाव दिले. दुसऱ्या काहींस 'कोलस', 'पोटेल', 'रोहटी'. ही नावे लॅटिन शास्त्रनामांत आज जगभर छापली जातात. ती त्याने येथील लोकांच्या तोंडून ऐकली. साइक्सच्या टाचणांत जे मराठी शब्द आले ते आमच्या एकाही कवितेत आले नव्हते. पुढे १८७३ साली मंगळूर येथे हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासच्या मुलकी अधिकाऱ्याचे 'द रॉड इन इंडिया' छापले गेले. ते पुस्तक गप्पिष्ट आहे, पाल्हाळिक आहे. पण त्यात पश्चिम किनाऱ्याच्या नद्यांचा ऋतुक्रम जितका नेमका उतरला आहे तितका आम्हांस दुसरीकडे आढळला नाही. पावसाळ्यात महसीर पुराबरोबर वर डोंगराकडे चढतो, अंडी घालतो, आणि पाणी ओसरून निवळू लागले की खाली डोहांकडे परततो. गळ टाकणाऱ्याने या संधीची वाट पाहावयाची. म्हणजे भाद्रपद सरून आश्विन लागतो त्या सुमाराची. वॉल्टनचा महिना मे, आपला आश्विन. आपल्याकडे या महिन्यास कोजागरी आहे, दसरा आहे, शरच्चंद्र आहे. नदीच्या पोटात त्याच दिवसांत काय चालले असते ते थॉमसकडून शिकावे लागते.

यापुढची हकीकत तर अधिक चमत्कारिक आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत चिरलेल्या वेळूच्या काठ्या होऊ लागल्या तेव्हा पहिल्याने जो वेळू वापरात आला तो भारतातून जात असे आणि 'कलकत्ता' या नावाने विकला जाई. स्कॉटलंडच्या नद्यांतील सामन माशासाठी ज्या भपकेदार माश्या बांधीत त्यांच्या दोन्ही अंगांस डोळ्यासारखी चमकणारी पिसे लावण्याची चाल पडली. ती पिसे राखी रानकोंबड्याच्या मानेची, आणि हा पक्षी आमच्या सह्याद्रीचा. त्याचा इतका संहार होऊ लागला की अखेर भारत सरकारास पिसांची निर्यात बंद करावी लागली. वेळू आपला, पीस आपले, मासा आपला, नावसुद्धा आपले. गद्य तेवढे दुसऱ्याचे!

मराठीत या विषयाशी सर्वांत जवळ आलेले पुस्तक भाषांतरित आहे. हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी' या १९५२ सालच्या कादंबरीचे पु. ल. देशपांडे यांनी केलेले 'एका कोळियाने' हे भाषांतर १९६५ साली प्रसिद्ध झाले. नाव फार चतुर आहे. कोळी म्हणजे मासे धरणारा आणि कोळी म्हणजे जाळे विणणारा कीटक. शाळेतल्या कवितेतला तो पडून पुन्हा चढणारा कोळी प्रत्येक मराठी वाचकाच्या स्मरणात असतोच. परंतु याच चातुर्याने पुस्तकाचे थोडे नुकसानही केले आहे असे आम्हांस वाटते. पहिले पान उघडण्यापूर्वीच वाचकास तात्पर्य मिळते: चिकाटी. मूळ कादंबरीचे बळ तात्पर्यात नाही. म्हातारा आपली आमिषे चाळीस, पंचाहत्तर, शंभर आणि सव्वाशे वाव खोलीवर सोडतो, आणि होडी प्रवाहाबरोबर जात असता प्रत्येक दोरी सरळ ठेवतो, यात आहे. दोरी हाताला काय सांगते, मासा खाली टोचतो आहे की गिळतो आहे, हे त्याला न पाहता कळते, यात आहे. हेमिंग्वे स्वतः नदीवर गळ टाकीत वाढलेला; त्याची १९२५ सालची मिशिगनमधील नदीवरची दीर्घकथा वाचली म्हणजे हे हात कोठे तयार झाले ते समजते. आमच्या वाचनात आलेल्या विद्यार्थ्यांच्या शेकडो उत्तरपत्रिकांत मानवी जिद्द आहे, ख्रिस्ताचे प्रतीक आहे, निसर्गाशी झुंज आहे. दोरी एकाही उत्तरपत्रिकेत नाही. विद्यार्थ्यांचा दोष नाही. गद्यात दोरी वाचण्याची सवय त्यांस मराठीने लावलेली नाही.

ही सवय लावू शकतील अशी दोन माणसे मराठीत होऊन गेली. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) हे पाहण्याचे पुस्तक आहे. एका-एका महिन्याकडे इतक्या संयमाने मराठीत तोपर्यंत कोणी पाहिले नव्हते. पण त्यांची नजर मुख्यत्वे झाडे, फुले आणि आभाळ यांवर आहे. पाण्याच्या पृष्ठाखाली ती क्वचित जाते. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) हे त्या पृष्ठाच्या अधिक जवळ गेले. वनखात्यात नोकरी करून त्यांनी विदर्भातील रानांचे आणि तलावांचे जे लेखन केले, त्याचा विशेष असा की रानात राहणाऱ्या निरक्षर माणसाचे शब्द त्यांनी जसेच्या तसे टिपून घेतले. 'नवेगावबांधचे दिवस' वाचताना हा लेखक शिकवीत नाही, शिकतो आहे, हे पानोपानी जाणवते. सोमेश्वराने जो मनुष्य ग्रंथातून वगळला, तो येथे पुन्हा आत आला. चितमपल्लींची शैली कित्येकदा गूढाकडे झुकते आणि ऐकीव गोष्ट व पाहिलेली गोष्ट यांतील सीमा ती पुसून टाकते, हा दोष आम्ही नाकारीत नाही. वॉल्टनमध्येही तो होता.

साधनसामग्री नाही असे मात्र कोणी म्हणू नये. कोकणात जा. गरी म्हणजे आकडा, गरवणे म्हणजे गळाने मासे धरणे. पाग म्हणजे फेकावयाचे जाळे. वाव म्हणजे पाण्याची खोली मोजण्याचे माप. उधाण आणि भांग हे भरतीचे दोन स्वभाव. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होत जातो. खाडीच्या तोंडाशी गोडे आणि खारे पाणी एकमेकांत मिसळते. आणि त्या मिसळीत जिताडा फिरतो. रायगड जिल्ह्यात जावयासाठी राखून ठेवावयाचा मासा म्हणून त्याची ख्याती आहे. तो भरतीबरोबर आत येतो आणि ओहोटीबरोबर बाहेर जातो, हे किनाऱ्यावरच्या पोरास कळते. मराठीच्या प्राध्यापकास हे सांगितले तर तो जावयाची गोष्ट तेवढी लक्षात ठेवतो. त्याच जिल्ह्यात काळ नदीवर वाळण कोंड येथे देवीचा डोह आहे. तेथे महसीर धरीत नाहीत. लोक त्यांस खाऊ घालतात. घाटावर लोणावळ्याजवळ टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या दशकात याच महसीरची पैदास हाती घेतली. डोहातला देव आणि हौदातले बीज यांच्यामध्ये केवढे लेखन दडले आहे!

आणि नाशिक? गोदावरी ब्रह्मगिरीवर उगवते आणि काही मैलांत गंगापूर धरणास मिळते. १९६५ साली पूर्ण झालेल्या या मातीच्या धरणाने वरचा प्रवाह तलाव केला. खालचा प्रवाह शहराने काय केला ते पाणवेलीच्या हिरव्या गालिच्यावरून कोणासही दिसते. या नदीवर मराठीत स्तोत्रे आहेत, माहात्म्ये आहेत, पोवाडे आहेत, अलीकडे निवेदने आणि याचिकाही आहेत. तिच्यातील माशांची नावे एका ठिकाणी मराठीत वाचावयास मिळत नाहीत. नदी मेली असे म्हणणे सोपे जाते, कारण ती जिवंत असताना तिच्यात कोण राहत होते याची नोंद आम्ही ठेवलेली नाही. आणि मग गेले ते काय, हेही कोणास सांगता येत नाही.

तेव्हा आरंभ कोठून करावा? मत्स्यविनोदाचे टीपांसह मराठी भाषांतर, ही पहिली गरज. पण ते काम एकट्या संस्कृतज्ञाचे नव्हे. सोमेश्वराची काही मत्स्यनामे अजून ओळखावयाची आहेत, आणि ती कोशांत डोके घालून ओळखता येणार नाहीत. भाषांतरकाराने साइक्सची यादी हाती घेऊन भीमा-गोदेच्या काठी भोई आणि कोळी यांच्या घरी बसावे. नव्वदीच्या एखाद्या म्हाताऱ्याला 'कोलस' कोणता, 'पोटेल' कोणता, तो आश्विनात कोठे असतो, आणि त्याला गळाला काय लावीत, एवढे चार प्रश्न विचारावेत. श्लोकांचा अन्वय त्यानंतर लावता येईल. म्हातारे आधी गाठावेत.